दांपत्यगीतातील दोन स्वर : ‘मैसूरु मल्लिगे’च्या निमित्ताने

१

लोकांच्या तोंडी बसलेल्या कवितेविषयी समीक्षक सहसा दोन प्रकारांनी बोलतो. एक तर तिची लोकप्रियता हीच तिच्या योग्यतेची साक्ष मानून तो स्वस्थ बसतो. नाही तर तीच लोकप्रियता तिच्या उथळपणाची खूण समजून तिच्याकडे पाठ फिरवतो. दोन्ही रीतींनी कविता वाचण्याचा श्रम टळतो, एवढाच काय तो लाभ. कन्नड कवी के. एस. नरसिंहस्वामी (१९१५–२००३) ह्यांच्या ‘मैसूरु मल्लिगे’ ह्या संग्रहाच्या वाट्याला हे दोन्ही प्रकार आले आहेत. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या छोटेखानी संग्रहाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. नवविवाहितांना भेट द्यावयाचे पुस्तक अशी त्याची ख्याती झाली. त्यातील गीते आकाशवाणीवर, ध्वनिफितींवर आणि शेवटी चित्रपटातही गेली. उलट, १९५० नंतर कन्नड साहित्यात जी नव्य दृष्टी प्रभावी झाली, तिने हा कवी फुलांचा आणि गोडव्याचा ठरवून बाजूला ठेवला. एका बाजूला भाबडे प्रेम आणि दुसऱ्या बाजूला सुशिक्षित उपेक्षा, अशा स्थितीत ही गीते ऐंशी वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत.

ती का टिकली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. चाली सुरेख आहेत म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. कारण सुरेख चालींची कितीतरी गीते आपल्या डोळ्यांदेखत विस्मृतीत गेली. गेलेल्या ग्रामजीवनाची हळहळ त्यांत आहे म्हणून, हे उत्तरही पुरेसे नाही. कारण ज्या पिढ्यांनी ते जीवन पाहिलेच नाही त्यांनाही ही गीते आपली वाटतात. माझे म्हणणे असे की ह्या गीतांच्या टिकाऊपणाचे कारण त्यांच्या घडणीत आहे. एकाच्या मुखाने गाइलेल्या गीतातही येथे दुसऱ्या स्वराची जागा राखून ठेवलेली असते. ज्याला आपण युगुलगीत म्हणतो ते येथे गायकांच्या संख्येवर अवलंबून नाही. ते कवितेच्या अंतर्यामी आहे. आणि ही जागा राखून ठेवण्याच्या कामी कन्नड भाषेच्या व्याकरणाने कवीला जे साहाय्य केले आहे, ते मराठी अनुवादकाला आपल्या भाषेत शोधू गेल्यास सहजासहजी सापडत नाही. म्हणून ह्या गीतांचा विचार केवळ कन्नड साहित्याचा राहत नाही; तो मराठी प्रेमगीताच्या स्वरूपाचाही विचार होतो.

२

संग्रहाच्या नावात म्हैसूर असले तरी ह्या कवितेचे गाव म्हैसूर नव्हे. कवीचा जन्म आजच्या मंड्य जिल्ह्यातील किक्केरी ह्या गावचा. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी सरकारी नोकरीत काढला. त्यांच्या गीतांतील सृष्टी ही जुन्या म्हैसूर संस्थानातील लहान गावांची आहे : शानभोगाचे घर, बैलगाडीची वाट, सासर आणि माहेर ह्यांमधले थोड्या कोसांचे अंतर, अंगणातला मोगरा. ‘शानभोग’ म्हणजे आपल्याकडील कुलकर्णी. हा शब्द उच्चारताच देशावरच्या वाचकाला त्या घराचा सोपा, दप्तर आणि त्या घरची लेक ही सारी दिसू लागतील. एवढे हे जग आपल्या शेजारचे आहे.

मात्र ही कविता केवळ लोकगीतातून उगवलेली नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या बी. एम. श्रीकंठय्या ह्यांचा ‘इंग्लिष् गीतगळु’ हा अनुवादसंग्रह १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने कन्नड भावगीताला नवे छंद व नवा सूर दिला. प्रत्येक चरणातील दुसऱ्या अक्षराच्या प्रासाचे जुने बंधन सैल झाले, मात्रागणांच्या लवचीक रचनांना मोकळीक मिळाली, आणि बोलण्याच्या लयीत कविता लिहिता येते हा विश्वास नव्या कवींना आला. नरसिंहस्वामी ह्या वाटेने आले. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स (१७५९–१७९६) ह्याच्या प्रेमगीतांचे त्यांनी पुढे कन्नडमध्ये अनुवाद केले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. बर्न्स हाही शेतकऱ्याच्या घरात वाढलेला, पुढे सरकारी जकातखात्यात नोकरी केलेला, आणि गावोगावच्या जुन्या चाली व गीते गोळा करून त्यांना नवे शब्द देणारा कवी. त्याचे ‘जॉन अँडरसन’ हे गीत ह्या संदर्भात आठवावेसे वाटते. मूळच्या लोकगीतात म्हाताऱ्या नवऱ्यावरची एक ग्राम्य थट्टा होती. बर्न्सने बोलणारी तीच बायको ठेवली, चालही तीच ठेवली, आणि थट्टेच्या जागी आयुष्यभराच्या सोबतीची माया आणली. उत्तान शृंगाराकडून दांपत्यप्रीतीकडे लोकगीताने केलेला हा प्रवास, तोही स्त्रीच्या मुखाने, नरसिंहस्वामींसारख्या कवीला जवळचा वाटला असल्यास नवल नाही.

कन्नडमध्ये दांपत्यजीवन हा काव्याचा गंभीर विषय होऊ शकतो, हे त्यांच्याआधी द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) ह्यांनी दाखवून दिले होते. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी. त्यांची कविता मात्र धारवाडच्या रांगड्या, नादमय कन्नड बोलीची. त्यांचे ‘सखीगीत’ (१९३७) हे संसाराचे सुखदुःख पत्नीला उद्देशून सांगणारे दीर्घ काव्य आहे. अपत्यवियोगानंतर पत्नीच्या नजरेला नजर देणे असह्य झालेल्या पतीचे त्यांचे गीत तर कन्नड भाषेतील अत्यंत हृदयद्रावक गीतांपैकी एक मानले जाते. बेंद्र्यांच्या दांपत्यगीतात दुःख तळाशी असते आणि त्याच्यावर नाद उसळतो. नरसिंहस्वामींच्या गीतात सुख तळाशी असते, आणि त्याच्या पृष्ठभागावर एखादी विरहाची, एखाद्या लटक्या रुसव्याची लहर उठते. ह्यामुळे त्यांची कविता उथळ ठरते काय, हा प्रश्न पुढे घ्यावयाचा आहे. आधी तिची घडण पाहू.

३

संग्रहातील तीन गीते येथे विचारासाठी घेतो. तिन्ही सुप्रसिद्ध आहेत आणि तिन्ही तीन वेगवेगळ्या मुखांनी बोलतात.

पहिल्या गीतात जावई रात्रीच्या वेळी सासुरवाडीस येतो. पौर्णिमेचा चंद्र वर आला आहे, घरात मोगऱ्याचा दरवळ आहे, दाराशी पाय धुण्यास ऊन पाण्याचा तांब्या येतो, रुप्याच्या वाटीत खसखशीची खीर वाढलेली असते. सर्व काही आहे. जिच्यासाठी तो आला ती पदुमा मात्र दिसत नाही. ती आत नाही, एवढेच उत्तर त्याला मिळते. सकाळी तो रागाने निघण्याची भाषा करतो, तेव्हा मेहुणी सांगते की न्हाणीचे पाणी तयार आहे. कोणासाठी, असे तो त्राग्याने विचारतो. आणि केसांत फूल माळीत पदुमा खोलीत येते. ‘आत नाही’ ह्याचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. ‘बाहेर बसणे’ हा आपल्याकडचा वाक्प्रचार नेमका त्याचीच दुसरी बाजू आहे.

ह्या गीताची किमया अशी की पदुमा त्यात एकही शब्द बोलत नाही. शिवाय, कन्नड मुळात बहुतेक वाक्यांचे कर्ते निर्जीव आहेत आणि क्रियापदे नपुंसकलिंगी : तांब्या आला होता, जेवण वाट पाहत होते, खीर बोलावीत होती. तांब्या कोणी आणला, खीर कोणी वाढली, हे कवी सांगत नाही. घरातील माणसे वस्तूंच्या आड उभी आहेत, आणि त्या सर्वांच्या आड, अंगणाच्या किंवा पडवीच्या कोठल्या तरी कोपऱ्यात, पदुमा आहे. ऐकणाऱ्याचे सर्व लक्ष न दिसणाऱ्या, न बोलणाऱ्या त्या एका व्यक्तीकडे लागलेले असते. गीत जावयाचे, पण त्याचे केंद्र पदुमेच्या मौनात आहे.

दुसरे गीत मुख्यतः पत्नीच्या उत्तराचे आहे. माझे गाव अधिक सुंदर की तुझे, असे पतीने तिला विचारले आहे. प्रश्न गीताच्या आरंभीच येतो.  ती त्याला गप्प राहावयास सांगते, आणि ही दटावणी आदरार्थी बहुवचनात आहे. कन्नड पत्नीची ‘री’ ही हाक आणि मराठी पत्नीची ‘अहो’ ही हाक सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. आदराच्या रूपातून लाडिक अधिकार गाजविण्याची सोय दोन्ही भाषांनी करून ठेवली आहे. येथे पुरुष प्रश्न विचारून गप्प होतो, आणि त्याच्या त्या प्रश्नावर संपूर्ण गीत उभे आहे. पहिल्या गीताची ही उलट बाजू होय.

तिसऱ्या गीतात पती बोलत नाही आणि पत्नीही बोलत नाही. चेन्नय्या नावाचा कासार दारात येऊन आत येण्याची परवानगी मागतो. तो पुरुषाच्या हातांत बांगड्या भरावयास आलेला नाही; पत्नीच्या माहेराहून, नविलूरहून, त्याने निरोप आणला आहे. बांगड्या विकणारा माणूस हा गावागावांतून, आणि विशेषतः घराच्या अंतर्भागापर्यंत, प्रवेश असलेला एकमेव परका पुरुष. माहेरवाशिणीचा हात त्याने हातात घेतलेला असतो, तिच्या डोळ्यांतील पाणी त्याने पाहिलेले असते. विरहिणीचा निरोप नेण्याचे काम संस्कृत कवीने मेघाला किंवा हंसाला सांगितले असते. नरसिंहस्वामींनी ते कासाराला सांगितले. त्याच्या बोलण्यातला अदबशीर मिस्कीलपणा आणि वडीलधाऱ्याची काळजी ह्यांतून पती आणि पत्नी दोघेही आपल्याला ऐकू येतात. दोघेही मूक असलेले हे युगुलगीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तिन्ही गीतांत एक गोष्ट समान आहे. प्रेम येथे दोन जीवांच्या एकांतात घडत नाही. ते सासू, मेहुणी, कासार, शेजार ह्यांच्या समक्ष, त्यांच्या नजरा चुकवून किंवा त्यांच्याच मदतीने घडते. म्हणूनच ते प्रेम बोलून दाखविण्यापेक्षा सुचविण्याकडे त्याचा कल असतो. बोलणारा एक असला तरी त्याला कोणीतरी ऐकत आहे, कोणीतरी उत्तर देणार आहे, ही जाणीव प्रत्येक ओळीत जागी राहते.

४

आता व्याकरणाकडे वळू. काव्यचर्चेत व्याकरण आणणे काही वाचकांना रुक्ष वाटेल. परंतु अनुवादकाची पहिली ठेच व्याकरणालाच लागते, आणि पुष्कळदा तेथेच काव्याचे मर्म उघडते.

मराठीत प्रेमिकाने ‘मी आलो’ म्हटले किंवा ‘मी आले’ म्हटले, की बोलणारा पुरुष की स्त्री हे तत्क्षणी ठरते. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ ह्यांतही तेच. मराठी क्रियापद लिंग लपवू देत नाही. कन्नडमध्ये प्रथम आणि द्वितीय पुरुषी क्रियापदांना लिंगभेद नाही. ‘बंदेनु’ म्हणजे ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ दोन्ही. तृतीय पुरुषी एकवचनात तो, ती, ते असा भेद होतो. परंतु आदरार्थी बहुवचनात तोही मावळतो. आपल्याकडे ‘राव आले’ आणि ‘बाई आल्या’ अशी दोन रूपे होतात; कन्नडमध्ये दोहोंनाही ‘बंदरु’ पुरते. अर्थात कन्नड भाषेला लिंगाचे वावडे आहे असे नाही. जवळच्या माणसाला हाक मारताना पुरुषासाठी ‘बारो’ आणि स्त्रीसाठी ‘बारे’ असा भेद ती करतेच, जसा आपण ‘ये रे’ आणि ‘ये गं’ असा करतो. पण तो भेद बोलणाऱ्याच्या इच्छेवर आहे. कवीने तो केला तर त्यात जवळीक येते. न केला तर ओळ दोघांचीही राहते. मराठीत हा भेद बहुधा सक्तीचा आहे.

ह्याचा परिणाम असा होतो की नरसिंहस्वामींच्या कित्येक गीतांत ‘मी’ आणि ‘तू’ ही दोन आसने तेवढी असतात. त्यांवर कोणी बसावे हे गीताने पुष्कळ वेळ ठरविलेले नसते. ‘तुझ्या प्रेमामुळे माझे जीवन भरून आले’ अशा आशयाची ओळ पतीची म्हणूनही खरी असते आणि पत्नीची म्हणूनही. पुरुष गायकाने गावी, स्त्री गायिकेने गावी, किंवा दोघांनी कडवी वाटून घ्यावी. शब्दाला हात लावावा लागत नाही. ऐकणाऱ्या जोडप्यापैकी प्रत्येकाला ते गीत आपल्या तोंडचे वाटू शकते. लग्नात भेट देण्याचे पुस्तक अशी ह्या संग्रहाची ख्याती झाली तिच्या मुळाशी हे कारण असावे, असे मला वाटते. दोघांपैकी एकाला दिलेली ती भेट नसते.

मराठीत अनुवाद करू लागताच ही दोन्ही आसने आपोआप भरली जातात. ‘येतो’ किंवा ‘येते’ लिहावेच लागते, आणि लिहिताक्षणी अर्धे गीत दुसऱ्याच्या हातून सुटते. ह्यावर उपाय नाही असे नाही. आपल्या भाषेतही काही लिंगमुक्त कोपरे आहेत. भविष्यकाळ आहे : ‘येईन’, ‘पाहीन’, ‘राहीन’ ही रूपे दोघांचीही. सकर्मक भूतकाळ आहे : ‘मी पाहिले’, ‘मी ऐकले’ ह्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्ता सुटतो. आज्ञार्थ आहे, ‘यावे’, ‘असावे’ अशी विध्यर्थाची रूपे आहेत. अनुवादकाने ह्या कोपऱ्यांतून वाट काढली तर मूळ गीताचा तो मोकळेपणा पुष्कळसा राखता येतो. मात्र त्याची किंमतही द्यावी लागते. भविष्यकाळाने गीताला वचनाचा, शपथेचा सूर येतो, विध्यर्थाने प्रार्थनेचा. मूळचे साधे वर्तमान, रोजच्या घरातले ‘मी येथे आहे, तूही आहेस’ हे सुख, त्यात पातळ होते. सुखाच्या कवितेत काळ बदलणे म्हणजे रस बदलणे होय.

५

मराठी प्रेमगीताला हा मोकळेपणा कधीच लाभला नाही काय? लाभला, पण वेगळ्या मार्गाने. ज्ञानदेवांच्या विराण्यांत पुरुष कवी स्त्रीलिंगी क्रियापद उघडपणे अंगावर घेतो आणि विरहिणी होतो. लावणीत रामजोशी, होनाजी ह्यांच्यासारखे शाहीर स्त्रीच्या मुखाने बोलतात. भा. रा. तांबे (निधन १९४१) ह्यांची कितीतरी गीते स्त्रीच्या मनोगताची आहेत, आणि ती वाचताना कवी पुरुष आहे हे आपण विसरतो. म्हणजे मराठी कवी लिंगाची मर्यादा ओलांडतो ती दुसऱ्याचे लिंग स्वीकारून. कन्नड कवीला ती ओलांडता येते स्वतःचे न सांगता. एकाला वेष पालटावा लागतो, दुसऱ्याला तो उतरवून ठेवता येतो. आपल्या स्त्रीगीतांत नाट्य अधिक आहे, आविर्भाव अधिक आहे, ह्याचे एक कारण येथे सापडण्यासारखे आहे.

युगुलगीताचेही तसेच. मंगेश पाडगावकरांचे ‘शुक्रतारा’ हे गीत श्रीनिवास खळे ह्यांच्या संगीतात अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा ह्यांनी गाइले, ते १९६० नंतरच्या दशकापासून मराठी युगुलगीताचा मानदंड होऊन बसले आहे. त्यात पुरुषाकडून स्त्रीकडे गीत जाताना ध्रुवपदातील एका लहानशा शब्दाचा शेवटचा स्वर बदलतो. स्त्रीलिंगी रूप पुल्लिंगी होते. एवढ्या एका स्वराने पारडे फिरते आणि दुसरी व्यक्ती आपल्यासमोर उभी राहते. मराठी व्याकरणाची सक्ती येथे सौंदर्याची खूण झाली आहे. दोन स्वर वेगळे आहेत, समोरासमोर आहेत आणि परस्परांना ओळखतात, हा ह्या गीताचा आनंद आहे. नरसिंहस्वामींच्या गीताचा आनंद वेगळा : तेथे दोन स्वर एकाच ओळीत राहतात, आणि कोणाचा कोणता हे विचारण्याची वेळ येत नाही. दोहोंत डावेउजवे करण्याचे कारण नाही. परंतु एका भाषेला जे सहज, ते दुसरीला साधनेने मिळते, एवढे लक्षात घेतले म्हणजे अनुवादातून आपण काय आणू शकतो आणि काय नाही, ह्याचा अंदाज येतो.

६

गीत टिकते ते गाइले जाण्याने, म्हणून गायकांचाही विचार केला पाहिजे. म्हैसूर शहराचा ह्यात वाटा आहे. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी १९३५ मध्ये येथे खासगी नभोवाणी केंद्र चालविले; ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाने घेतले ते त्याच केंद्राचे. गीत घराघरांत पोहोचविण्याचे साधन ‘मैसूरु मल्लिगे’च्या आधीच ह्या शहरात येऊन ठेपले होते.

पी. कालिंगराव (१९१४–१९८१) ह्यांनी कन्नड भावगीत आणि लोकगीत ही दोन्ही व्यासपीठावर आणली. मोहनकुमारी व सोहनकुमारी ह्या भगिनींच्या साथीने त्यांनी गाइलेली गीते हे एक निराळेच प्रकरण आहे. स्त्रीस्वर तेथे उत्तर देण्यापुरता येत नाही. तो मूळ स्वरासोबत चालतो, त्याला भरतो. ह्याच शहरात जन्मलेले म्हैसूर अनंतस्वामी (१९३६–१९९५) ह्यांनी भावगीताला शब्दाभिमुख, संयत चाली दिल्या. निसार अहमद ह्यांच्या गीतांची ‘नित्योत्सव’ ही ध्वनिफीत त्यांच्या संगीतासह १९७८ मध्ये निघाली आणि कन्नड सुगम संगीताचा श्रोतृवर्ग एकदम वाढला. सी. अश्वत्थ ह्यांनी त्याच परंपरेत नाट्य आणि आवाहन आणले. चांगल्या चालीची कसोटी ह्या गीतांच्या बाबतीत मला अशी वाटते, की तिने कडव्यांच्या मधली शांतता भरून टाकू नये. ज्या चालीत वाद्यमेळ प्रत्येक विराम व्यापून टाकतो, तेथे पदुमेला लपावयास जागाच उरत नाही.

ह्याच कारणाने १९९२ मध्ये टी. एस. नागाभरण ह्यांनी ह्या गीतांभोवती कथा गुंफून काढलेला चित्रपट मला एकाच वेळी आवडतो आणि अस्वस्थ करतो. त्याने गीतांना नवी पिढी मिळवून दिली, हे निःसंशय. परंतु चित्रपटात प्रत्येक ओळ एका चेहऱ्याची होते. ‘मी’ आणि ‘तू’ ही आसने कायमची भरतात. व्याकरणाने जे मोकळे ठेवले होते ते पडद्याने बांधून टाकले. मराठी अनुवादकाची जी अडचण, तीच येथे दिग्दर्शकाची झाली.

कन्नड आणि मराठी ह्यांच्या ह्या गायनव्यवहारात एक जुना दुवा नमूद करण्यासारखा आहे. १९३० नंतरच्या दशकात मराठी भावगीताची ध्वनिमुद्रिका रूढ होऊ लागली तेव्हा गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, ह्यांच्यासह युगुलगीते गाणारा एक कोवळा स्त्रीस्वर ‘गांधारी हनगल’ ह्या नावाने रसिकांना परिचित झाला. त्याच पुढे किराणा घराण्याच्या थोर गायिका गंगूबाई हनगल (१९१३–२००९). मातृभाषा कन्नड असलेल्या गायिकेने मराठी युगुलगीताच्या आरंभकाळी त्याचा स्त्रीस्वर व्हावे, आणि मातृभाषा मराठी असलेल्या बेंद्र्यांनी कन्नड दांपत्यगीताला खोली द्यावी, ह्यात केवळ योगायोग पाहू नये. दोन्ही भाषांच्या घरांत प्रेम बोलण्याची रीत एकच होती.

७

आता नव्य आक्षेपाकडे येऊ. हा आक्षेप गोपालकृष्ण अडिगांच्या पिढीचा. ‘चंडेमद्दळे’ (१९५४) आणि ‘भूमिगीत’ (१९५९) ह्या संग्रहांतून अडिगांनी तुटलेल्या, विसंवादी जगाची कविता लिहिली. तिच्या शेजारी मोगऱ्याची कविता पळवाट वाटावी, हे स्वाभाविक आहे. आक्षेपात तथ्यही आहे. ज्या गीतांत दुसरा स्वर उपस्थित नसतो, केवळ सौंदर्याचे वर्णन असते, तेथे ही कविता सैल पडते; उपमा गोड असतात आणि गोडच राहतात. कवीलाही हे जाणवले असले पाहिजे, कारण ‘शिलालते’ (१९५८) ह्या संग्रहात त्यांची भाषा कठीण आणि शहरी झाली, आणि ज्या ‘तेरेद बागिलु’ ह्या संग्रहाला १९७७ मध्ये साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला, त्यात चिंतनाचा सूर प्रधान आहे.

परंतु माझ्या मते खरा आक्षेप ह्याहून वेगळा आहे आणि अधिक गंभीर आहे. पत्नीचा स्वर म्हणून जो आपण ऐकतो तो खरोखर पत्नीचा आहे काय? जात्यावरच्या ओवीत मराठी स्त्री स्वतः बोलते. तेथे माहेरची ओढ आहे, भावाची वाट पाहणे आहे, आणि त्यांच्याच जोडीला कष्ट आहेत, सासुरवास आहे, देहाचा शीण आहे. नरसिंहस्वामींची पत्नी माहेराविषयी बोलते, मुलाविषयी बोलते, लाडिक रागावते. परंतु ती दमत नाही. ‘आत नाही’ ह्या शब्दांमागे स्त्रीला घरातल्या घरात परके करणारी जी रूढी आहे, ती गीतात फक्त जावयाची गंमत करण्यापुरती येते. त्या रात्री पदुमेला काय वाटले हे आपल्याला कळत नाही. हे कवितेचे वैगुण्य आहे, आणि ते झाकून तिचे कौतुक करणे योग्य नव्हे.

तरीही एक गोष्ट ह्या आक्षेपाला उत्तर म्हणून नव्हे, पण त्याच्या शेजारी ठेवण्यासाठी म्हणावी लागते. कवीने पदुमेच्या मनातले सांगितले नाही, तसेच ते सांगितल्याचा आवही आणला नाही. तिचे मौन त्याने आपल्या शब्दांनी भरले नाही. पुरुषाने लिहिलेल्या स्त्रीगीतात स्त्रीच्या मनाचा कानाकोपरा उघडून दाखविण्याची हौस पुष्कळदा दिसते. ती हौस येथे नाही. आणि जेथे मौन राखून ठेवले आहे तेथे पुढच्या पिढीला आपला अर्थ बोलता येतो. आज एखादी गायिका तेच जावयाचे गीत गाते तेव्हा वस्तूंच्या आड उभी असलेली पदुमा तिच्या आवाजातून ऐकू येऊ लागते. गीतातील हसू तेच राहते, पण ते कोणाचे, हा प्रश्न नव्याने पडतो. शब्द न बदलता गीताचा पक्ष बदलू शकतो, हे सामर्थ्य सामान्य नव्हे.

म्हणून ‘मैसूरु मल्लिगे’ टिकली ती गोड आहे म्हणून नव्हे. तिच्यात एक आसन नेहमी रिकामे राहते, आणि प्रत्येक काळातील ऐकणारा तेथे येऊन बसतो. मराठीत ती आणावयाची असेल तर अनुवादकाने मोगऱ्याच्या सुगंधामागे फार धावू नये; तो आपोआप येईल. त्याने ते रिकामे आसन तेवढे जपावे. भविष्यकाळाचा, सकर्मक भूतकाळाचा, ‘अहो’ ह्या एका हाकेचा, जो काही उपाय आपल्या भाषेपाशी असेल तो करावा. आपल्या प्रेमगीतातील ‘मी’ एकटाच फार बोलतो आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांना ह्या शेजारच्या गीतांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.